डुकरांची रक्ती हगवण : कारणे, उपचार व प्रतिबंध

थोड्या जागेत व थोड्या काळात वाढणारे जनावर म्हणून डुकराची गणना होते. डुकरीण गाभण राहिल्यापासून साधारणपणे 114 दिवसांत विते, एका वेतास आठ-दहा पिले देते आणि पिलांस नीट खाऊ घातल्यास ती वर्षाच्या आत विक्रीयोग्य होतात. ज्या कुटुंबाजवळ जमीन थोडी आहे किंवा मुळीच नाही, अशा कुटुंबास हिंगोलीसारख्या बहुतांशी कोरडवाहू जिल्ह्यात हा जोडधंदा चांगला आधार देऊ शकतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात सन 2021 पासून वराहपालनाच्या प्रकल्पांसाठी 50 टक्के भांडवली अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे ज्यांनी पूर्वी कधी डुकरे पाळली नाहीत, असे शेतकरीही या धंद्याचा विचार करू शकतात.

परंतु नवा धंदा मांडणारा मनुष्य पहिले काम करतो ते बाहेरून जनावरे विकत आणण्याचे. आणि रक्ती हगवण हा रोग बहुतेक वेळा त्याच गाडीतून घरी येतो. पिले दूध तोडून वाढीस लागतात, त्यांच्यावर खाद्याचा खर्च होऊ लागतो, नेमक्या त्याच वेळी हा रोग उद्भवतो. तो कळपात शिरला व उपचार झाला नाही तर दर शंभरांतील 90 पर्यंत डुकरे आजारी पडू शकतात व 30 पर्यंत दगावू शकतात. औषध दिल्यावर हगवण थांबते, म्हणून पालक निर्धास्त होतो. पण रोगाचे जंतू ओल्या विष्ठेत व वरवर निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या आतड्यात शिल्लक असतात. म्हणून या रोगाचा बंदोबस्त औषधाच्या बाटलीने पूर्ण होत नाही. वाडा कोरडा व स्वच्छ करणे आणि रोगी जनावर दारातच अडवणे, ही दोन कामे औषधाइतकीच महत्त्वाची आहेत.

रोगाचे कारण

अमेरिकेतील इंडियाना राज्यात सन 1921 मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन झाले. पुढे पन्नास वर्षे त्याचे खरे कारण निश्चित झाले नव्हते. मधल्या काळात दुसऱ्याच एका जंतूकडे त्याचे मूळ म्हणून बोट दाखवले गेले. अखेर सन 1971 व 1972 मध्ये इंग्लंड व अमेरिका येथील संशोधकांनी खरा जंतू ओळखला. तो स्प्रिंगसारखा पिळदार असून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली सळसळताना दिसतो. आज त्यास ब्रॅकिस्पायरा हायोडिसेन्टेरिई असे नाव आहे. त्याला प्राणवायू मानवत नाही. तो डुकराच्या मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात वस्ती करतो व तेथे दाह उत्पन्न करतो. लहान आतड्यास तो बाधा करीत नाही. मोठ्या आतड्याचे काम विष्ठेतील पाणी शोषून घेण्याचे आहे. ते काम बंद पडले म्हणजे शरीरातील पाणी व क्षार बाहेर जाऊ लागतात आणि जनावर मुख्यतः शरीर शुष्क होऊन मरते.

रोगाचा प्रसार

रोगी किंवा रोगवाहक डुकराच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात व ती विष्ठा दुसऱ्या डुकराच्या तोंडात गेली की त्यास रोग होतो. डुक्कर जमीन हुंगत व उकरत खाणारे जनावर असल्यामुळे यास वेळ लागत नाही. जंतू पोटात गेल्यापासून हगवण सुरू होण्यास साधारणपणे 10 ते 14 दिवस लागतात. काही वेळा याहून पुष्कळ अधिक काळ जातो. म्हणूनच बाजारातून आणलेले पिलू पहिले आठ दिवस चांगले राहिले, एवढ्यावरून ते निरोगी आहे असे समजू नये.

रोगातून बरे झालेले डुक्कर पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ विष्ठेतून जंतू टाकत राहू शकते. मोठ्या डुकरिणीत लक्षणे दिसत नसली तरी तिच्यापासून पिलांस रोग लागू शकतो. एका गावाचा नर दुसऱ्या गावात फळवण्यासाठी नेला तर तोही रोग नेऊ शकतो. विष्ठेने भरलेली पायताणे, फावडी, टोपल्या व डुकरांची वाहतूक करणारी वाहने हीदेखील रोगाची वाहने होत. यात उंदराकडे फार दुर्लक्ष होते. या जंतूची बाधा झालेला लहान उंदीर सुमारे सहा महिने जंतू बाळगू शकतो. घरात सोयाबीन, ज्वारी किंवा पेंडीची पोती असली म्हणजे उंदीर असणारच. वाडा स्वच्छ केला पण उंदीर तसेच ठेवले, तर रोग परत येण्यास वाट राहते.

मोकाट सोडलेली डुकरे गावाच्या गटारात व डबक्यात एकत्र लोळतात. एकाच्या कळपातील रोग गावातील सर्व कळपांत जाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

लक्षणे

सहा ते बारा आठवड्यांच्या पिलांत व वाढत्या डुकरांत हा रोग विशेष दिसतो. तीन आठवड्यांखालील दूधपित्या पिलांत तो क्वचितच आढळतो. आरंभी विष्ठा पातळ व पिवळसर किंवा करडी होते. एक-दोन दिवसांत तीत शेंबासारखी आव व ताज्या रक्ताच्या रेषा दिसू लागतात. पुढे विष्ठा पाण्यासारखी होऊन तीत रक्त, आव व पांढरट पापुद्रे पडतात. मागील पाय व शेपटी विष्ठेने बरबटतात. कुशी खपाटीस जाते, पाठ कमानीसारखी वाकते, डोळे खोल जातात. खाणे कमी होते, पण तहान राहते. ताप नसतो किंवा बेताचाच असतो. क्वचित एखादे डुक्कर हगवण दिसण्यापूर्वीच मरून पडते.

जी डुकरे वाचतात त्यांची वाढ खुंटते. समजा, दहा डुकरे प्रत्येकी रोज दीड किलो खाद्य खातात व तीन आठवडे त्यांचे वजन वाढत नाही. या 21 दिवसांत 315 किलो खाद्य वाया गेले. एकही जनावर न मरता झालेला हा तोटा वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो ध्यानात येत नाही.

रक्त दिसले म्हणजे हीच हगवण, असे नव्हे

उपचारापूर्वी पुढील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

चाबूककृमी : हा कृमी पुढच्या अंगाने दोऱ्यासारखा बारीक व मागे जाड, म्हणजे चाबकासारखा दिसतो. तोही मोठ्या आतड्यात राहतो व आव-रक्ताची हगवण लावतो. त्याची अंडी मातीत कित्येक वर्षे टिकतात. मातीच्या वाड्यात हा संशय प्रथम घ्यावा व विष्ठा तपासून घ्यावी.

इतर जंतू : साल्मोनेला जातीचे जंतू, तसेच लहान आतड्याचे अस्तर जाड करणारा लॉसोनिया नावाचा जंतू यांमुळेही रक्तमिश्रित हगवण होते. साल्मोनेला व बॅलन्टिडियम या डुकरांतील रोगजीवांची बाधा माणसांसही होऊ शकते. म्हणून रोगी डुकरांची व्यवस्था पाहणाऱ्याने काम संपताच साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना वाड्यापासून दूर ठेवावे.

खाद्याचा दोष : आपल्या जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते व डागी दाणे डुकरांना घालावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारा घटक असतो. त्यामुळे पिलांची वाढ मंदावते व त्यांस ढाळ लागतात. या ढाळेत रक्त नसते. सोयाबीन नीट भाजून किंवा शिजवूनच घालावे. बुरशी आलेले दाणे मात्र शिजवूनही घालू नयेत.

डुकरांचा ताप : सर्वांत मोठा धोका येथे आहे. निरोगी डुकराचे तापमान सुमारे 101.5 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते. ते 105 अंशांच्या वर गेले असेल, पिलांबरोबर मोठी डुकरेही पडू लागली असतील, कान, पोट किंवा मांड्यांची कातडी लाल-जांभळी झाली असेल, तर ती साधी हगवण समजू नये. डुकरांचा पारंपरिक ताप किंवा आफ्रिकन ताप यांचा संशय घ्यावा. पारंपरिक तापावर प्रतिबंधक लस आहे. आफ्रिकन ताप भारतात प्रथम सन 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेश येथे आढळला. त्यावर उपचार नाही. तो माणसास होत नाही, परंतु कळपच्या कळप नष्ट करतो. अशा संशयात एकही डुक्कर हलवू नये, कापू नये, विकू नये, आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. सन 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित संसर्गजन्य रोगांची वर्दी देणे पशुपालकावर बंधनकारक आहे.

यासाठी प्रत्येक वराहपालकाने एक थर्मामीटर बाळगावा व गुदद्वारात धरून तापमान पाहण्यास शिकावे.

उपचार

पहिले काम म्हणजे रोगी डुकरे वेगळी करणे. त्यांचे भांडे, फावडे व शक्य तर काम करणारा माणूसही वेगळा असावा. एकच माणूस असल्यास त्याने आधी निरोगी व शेवटी रोगी डुकरांकडे जावे.

दुसरे काम म्हणजे औषध देण्यापूर्वी ताज्या विष्ठेचा नमुना घेणे. औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणे कठीण जाते. नमुना स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डबीत घेऊन, थंड ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवावा. तेथील पशुवैद्यक आवश्यकतेनुसार तो रोगनिदान प्रयोगशाळेकडे पाठवतील. शेजारच्या परभणी येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही आपल्या जिल्ह्यास मोठी सोय आहे. मेलेल्या डुकराचे शवविच्छेदनही करून घ्यावे. दाह केवळ मोठ्या आतड्यापुरता असेल तर निदानास बरीच मदत होते.

तिसरे काम पाण्याचे. रोगी डुकराने खाणे सोडले तरी ते पाणी पिते. म्हणून जंतुनाशक औषधही बहुधा पाण्यातूनच देतात. शरीर शुष्क होऊ नये यासाठी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते वारंवार पाजावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. पाण्याची टंचाई व मिठाचा अतिरेक एकत्र आल्यास डुकरास विषबाधा होते व ते झटके येऊन मरते. साखर-मिठाच्या पाण्याशेजारी साधे स्वच्छ पाणी नेहमी भरलेले असावे.

या रोगावर टियाम्युलिन व लिंकोमायसिन ही जंतुनाशके वापरली जातात. कोणते औषध, किती व किती दिवस, हे डुकराच्या वजनावरून पशुवैद्यकच ठरवतील; साधारणपणे ते अनेक दिवस सलग द्यावे लागते. दोन दिवसांत रक्त थांबले म्हणून औषध मध्येच बंद करू नये. अर्धवट उपचाराने जंतू मरत नाहीत, उलट औषधास दाद देईनासे होतात. टायलोसिन या पूर्वी चांगला गुण देणाऱ्या औषधाच्या बाबतीत अनेक देशांत असेच घडले आहे.

या औषधांविषयी तीन सूचना कटाक्षाने पाळाव्यात :

1. टियाम्युलिन चालू असताना डुकरांना कोंबड्यांचे खाद्य घालू नये. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीस प्रतिबंध म्हणून त्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टियाम्युलिनशी त्यांचा संयोग झाल्यास डुकरे लुळी पडून मरतात. उपचारापूर्वी आणि नंतरही किमान आठवडाभर हे पथ्य पाळावे.

2. लिंकोमायसिन घातलेले पाणी किंवा खाद्य शेळ्या, गाई-म्हशी, घोडे व ससे यांच्या तोंडी लागू देऊ नये. त्यांच्या आतड्यास ते घातक आहे.

3. औषध संपल्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस डुक्कर मांसासाठी विकू नये. अन्यथा औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो.

चाबूककृमी आढळल्यास फेनबेन्डाझोलसारखे कृमिनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. आजारातून उठणाऱ्या डुकरास एकदम पोटभर न घालता मऊ शिजवलेल्या कण्या किंवा भरड्याची पेज थोडी थोडी द्यावी व खाद्य हळूहळू पूर्वपदावर आणावे.

वाडा निर्जंतुक करणे : उन्हाचा उपयोग

या जंतूचे बळ ओलाव्यात व गारव्यात आहे. विष्ठेत तो किती दिवस जगतो, याविषयी प्रयोगांत असे आढळले की 10 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली तो 48 दिवस, 25 अंशांस 7 दिवस, आणि 37 अंशांस एक दिवसाहूनही कमी काळ टिकतो. वाळवण त्यास मुळीच सोसत नाही.

या आकड्यांचा अर्थ आपल्या जिल्ह्यापुरता पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 40 अंशांपलीकडे जातो. ज्या उन्हाने विहिरी आटतात, तेच ऊन या रोगाचा नाश करणारे बिनखर्ची साधन आहे. उलट, पावसाळ्यात काळ्या मातीत चिखल होतो, तो लवकर वाळत नाही, आणि थंडीच्या दिवसांत जंतूचे आयुष्य वाढते. म्हणून शक्य तेथे विक्रीचे वेळापत्रक असे बसवावे की उन्हाळ्यात एक तरी वाडा पूर्ण रिकामा होईल. मग पुढील क्रमाने काम करावे :

1. विष्ठा, आंथरूण व वरचा ओला मातीचा थर खरडून काढावा. तो दूर खड्ड्यात रचून कुजवावा. नीट तापलेल्या ढिगात जंतू जगत नाहीत; कुजलेले खत हळदीस किंवा इतर पिकास शेत तयार करताना घालता येते.

2. फरशी, भिंतींचा खालचा भाग व भांडी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासावीत. घाण तशीच ठेवून वर फिनेल शिंपडण्यात काहीही अर्थ नाही. विष्ठेच्या थराखाली औषध पोचत नाही.

3. फरशी सुकल्यावर फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरचे द्रावण यांपैकी एकच वापरावे. ही दोन्ही एकत्र मिसळू नयेत. भिंतींस ताज्या चुन्याचा हात द्यावा.

4. छपराच्या बाजू उघडून ऊन-वारा आत येईल असे करावे व वाडा तीन-चार आठवडे रिकामा व कोरडा ठेवावा. याच अवधीत उंदरांची बिळे बुजवावीत व सापळे लावावेत.

येथे एक अडचण उद्भवते. डुकरास माणसासारखा घाम येत नाही; उन्हाळ्यात त्यास अंग भिजवण्यास पाणी हवेच. म्हणून शेजारच्या वाड्यातील डुकरांस चिखलाचे डबके न देता सावली द्यावी व दुपारी अंगावर स्वच्छ पाणी शिंपडावे. ते पाणी उतारावरून वाहून जाईल व संध्याकाळपर्यंत जमीन सुकेल अशी सोय असली म्हणजे दोन्ही हेतू साधतात. यासाठी फरशीस दर 10 फुटांस सुमारे 3 इंच उतार ठेवावा. पक्की फरशी परवडत नसल्यास काळी माती काढून मुरूम भरून चोपावा.

प्रतिबंध

या रोगावर खात्रीलायक प्रतिबंधक लस आज आपल्याकडे मिळत नाही. तेव्हा पुढील उपायांवरच भिस्त ठेवावी लागते.

1. जनावरे शक्यतो एकाच, माहितीच्या कळपातून घ्यावीत. तेथील पिलांना गेल्या काही महिन्यांत हगवण झाली होती काय, हे विचारावे व वाडा स्वतः पाहावा. बाजारात स्वस्त मिळालेले मलूल पिलू अखेर महाग पडते.

2. विकत आणलेले किंवा फळवून परत आणलेले जनावर निदान चार आठवडे वेगळे ठेवावे व रोज त्याची विष्ठा पाहावी.

3. एका वयाची पिले एका खोलीत एकाच वेळी भरावीत व एकाच वेळी काढावीत. दोन गटांच्या मध्ये खोली धुऊन वाळवावी. वाढत्या डुकरास किमान 10 चौरस फूट जागा द्यावी. दाटी तेथे ओल.

4. खाद्य जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावे. गव्हाण व पाण्याचे भांडे रोज घासावे. खाद्यात बदल एकदम न करता आठवडाभरात हळूहळू करावा.

5. उष्टे-खरकटे घालावयाचे असल्यास ते किमान एक तास ढवळत उकळावे. त्यात डुकराचे मांस असल्यास घालूच नये.

6. वाड्याच्या दाराशी एक जोड वहाणा वेगळी ठेवावी. व्यापाऱ्यास वाड्यात न नेता जनावर बाहेर आणून दाखवावे.

7. वर्षातून निदान दोनदा विष्ठा तपासून गरजेप्रमाणे कृमिनाशक औषध द्यावे.

8. डुकरे मोकाट सोडू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हगवण लागताच आजारी डुकरे आठवडी बाजारात नेऊन मिळेल त्या किमतीस विकण्याचा मोह होतो. हातावर पोट असणाऱ्या पालकाची ती निकड समजून घेतली पाहिजे. त्यास दोष देऊन काम होत नाही. परंतु असे एक डुक्कर विकले म्हणजे रोग दुसऱ्या गरिबाच्या दारी जातो आणि पुढच्या खरेदीत तो फिरून आपल्याच गावी येतो, हे त्यास आकड्यांनिशी पटवून द्यावे. त्याच दिवशी नमुना दवाखान्यात पोचवण्याची व औषध मिळवण्याची सोय करून दिली, तर बाजाराची वाट धरण्याचे कारण उरत नाही. पशुआरोग्यसेवेसाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक वराहपालकाच्या घरी ठळक लिहून लावावा. गावात रोग आढळल्यास एकाच कळपावर उपचार करून न थांबता त्याच डबक्यात व गटारात फिरणारी सर्व डुकरे बांधून ठेवण्याविषयी सर्व पालकांची एकत्र बैठक घ्यावी.

येत्या उन्हाळ्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान एका वराहपालकाचा वाडा वरील क्रमाने रिकामा, स्वच्छ व कोरडा करून घ्यावा आणि पावसाळ्यात त्यातील पिलांची वजने व आजार यांची नोंद ठेवावी. शेजारी प्रथम तो वाडा पाहतील व मग विचारावयास येतील. त्या वेळी ती नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी.